समुद्र कुठे गेला?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मागचे तीन लेख किल्ल्यांवर झाले, तेव्हा आमच्या मेहुण्यांनी फोनवर दम भरला, "अहो, लेकीकडे लंडनला एवढ्या वाऱ्या केल्यात, तिकडचं काहीतरी लिहा की!" मग ठरवलं, लिहू या. पण राणीचा राजवाडा, मोठं घड्याळ, पाळणा यांवर तुम्ही इतरांच्या ब्लॉगवर भरपूर वाचलेलं आहे. म्हणून मी साउथएंडबद्दल लिहितो.

तिथे आम्ही पहिल्यांदा गेलो २०११ मध्ये, ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी. त्या दिवशी तिकडे 'बँक हॉलिडे' असतो. लेक इलफर्डला, म्हणजे पूर्व लंडनमध्ये राहते. शेनफिल्डला गाडी बदलून तास-सव्वा तासात समुद्र. बरोबर लेक, जावई, चार वर्षांची नात, ही आणि मी. पिशवीत पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि दह्याचा डबा. गाडीत उभं राहायला जागा नाही. प्रत्येक घराकडे मुलं, छोट्या बादल्या, प्लास्टिकची फावडी आणि डबे. पंढरपूरच्या गाडीची आठवण झाली, फक्त टाळ तेवढे नव्हते.

उतरून, उतारावरून चालत किनाऱ्यावर आलो आणि ही जागच्या जागी थांबली. "अहो, समुद्र कुठे गेला?"

खरंच नव्हता! नजर जाईल तिथपर्यंत करडा चिखल, त्यात आडव्या पडलेल्या होड्या, आणि पाण्याची एक चकाकती रेघ पार क्षितिजाजवळ. हिचं माहेर मालवणकडचं. समुद्र असा पाहुण्यांना बोलावून घरातून निघून जातो, हे तिला मुळीच पटलं नाही.

खरं तर या गावाचा सगळा इतिहास या चिखलातच आहे. साउथएंड म्हणजे थेम्स नदीचं मुख. ओहोटीला पाणी मैलभर मागे जातं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्रस्नानाने प्रकृती सुधारते म्हणून बडी मंडळी इथे येऊ लागली. युवराज्ञी कॅरोलाइन १८०३ मध्ये इथे राहून गेली. जेन ऑस्टिनच्या 'एमा' कादंबरीतही साउथएंडचा उल्लेख आहे आणि तिथेही चर्चा चिखलाचीच! लंडनहून लोक नदीतून बोटीने यायचे, पण ओहोटी असली की बोट किनाऱ्याला लागणार कशी? पैसेवाले पाहुणे चिखलातून कसे आणायचे?

यावर उपाय म्हणून लंडनचे माजी महापौर सर विल्यम हेगेट यांनी धक्का बांधायचं मनावर घेतलं. १८२९ मध्ये पार्लमेंटची मंजुरी मिळाली आणि १८३० मध्ये सहाशे फुटांचा लाकडी धक्का उघडला. तो पाण्यापर्यंत पोचलाच नाही. मग वाढवला, पुन्हा वाढवला, आणि १८४६ साली तो सात हजार फुटांवर गेला. जगातल्या लांब धक्क्याचा हा मान कुणाच्या हौसेतून आलेला नाही, ओहोटीने तो भाग पाडून घेतला आहे. सामान नेण्यासाठी धक्क्यावर रूळ टाकले होते आणि त्यावरची गाडी घोडा ओढत असे. पुढे लाकूड कुजलं, तेव्हा जेम्स ब्रनलीस या अभियंत्याच्या आराखड्याने लोखंडी धक्का झाला, तो १८८९ मध्ये उघडला. आजची लांबी सव्वा मैलाच्या थोडी वर, आपल्या हिशेबाने दोन किलोमीटरहून जास्त.

आता माझी एक कबुली. तीस वर्षं मी नववीच्या मुलांना औद्योगिक क्रांती शिकवली. सूत कातायची यंत्रं, वॅटचं इंजिन, कारखान्यातले कामाचे तास, लहान मुलांची मजुरी, सगळं फळ्यावर लिहून दिलं. पण हे कामगार सुट्टीच्या दिवशी कुठे जात, हे एकाही मुलाला सांगितलं नाही. मलाच माहीत नव्हतं, आणि विचारावंसंही कधी वाटलं नाही. ते मला धक्क्याच्या तोंडाशी असलेल्या छोट्या संग्रहालयात उभं राहिल्यावर सुचलं. वयाच्या साठीनंतर!

त्या माणसांना सुट्टी मिळाली ती फार हळूहळू. १८५० च्या कारखाने कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायका आणि पोरांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबू लागलं. १८५६ मध्ये लंडनहून साउथएंडला आगगाडी आली. आणि १८७१ मध्ये सर जॉन लबक यांनी बँक हॉलिडेचा कायदा करून घेतला. हे लबक मोठे गमतीदार गृहस्थ. धंद्याने बँकवाले, पार्लमेंटचे सभासद, आणि उरलेल्या वेळात मुंग्या पाळून त्यांचा अभ्यास करणारे! कायदा नावाला बँकांचा, पण बँका बंद म्हटल्यावर दुकानं आणि कारखानेही बंद होऊ लागले. ऑगस्टचा पहिला सोमवार हा लोकांचा सण झाला, काही जण तर त्याला थट्टेने 'संत लबकचा दिवस' म्हणत. (हा सोमवार पुढे १९६० च्या दशकात महिन्याच्या शेवटी सरकवला.)

मग पूर्व लंडनच्या गोदीतले हमाल, शिंपीकाम करणाऱ्या बायका, काड्यापेट्यांच्या कारखान्यातल्या मुली असे सगळे साउथएंडला लोटले. कारखान्यातले लोक आठवड्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकत आणि वर्षातून एकदा सगळे मिळून सहलीला जात. आपल्या भिशीसारखंच. रविवारच्या धर्मशाळेतल्या मुलांनाही वर्षातून एकदा असं समुद्रावर आणत. अंधाऱ्या गल्लीतल्या एका खोलीत सात-आठ माणसं राहत होती, त्यांना इथे मैलभर आकाश दिसायचं. चिखल असला म्हणून काय झालं!

१८९० मध्ये नव्या धक्क्यावर विजेची छोटी रेल्वे सुरू झाली. हे साल वाचलं आणि मी तिथेच थबकलो. कारण १८९० च्या जून महिन्यात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांना यश येऊन मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती. त्याआधी आठवड्याची म्हणून हक्काची सुट्टीच नव्हती. लोखंड्यांनी ही मागणी १८८४ पासून लावून धरली होती. म्हणजे ज्या उन्हाळ्यात लंडनचा कामगार पोराला मांडीवर घेऊन धक्क्यावरच्या विजेच्या गाडीत बसला, त्याच उन्हाळ्यात आमचा परळचा माणूस पहिल्यांदा रविवारी घरी बसला. माझे आजोबा गिरणीत होते. रविवारी ते दिवसभर झोपत, एवढंच वडील सांगायचे. समुद्र पाऊण तासाच्या अंतरावर होता, पण चौपाटीवर गेल्याचं काही कधी ऐकलं नाही. असो.

पगारी सुट्टीचा कायदा मात्र इंग्लंडातही १९३८ पर्यंत आला नाही. तोवर सुट्टी म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून तर सगळा खेळ एका दिवसाचा! सकाळी यायचं, रात्रीच्या गाडीने परत. त्या एका दिवसात सगळं बसवायचं : गाढवावरची रपेट, कठपुतळ्यांचा 'पंच आणि जूडी', आइस्क्रीम, भाड्याची कापडी खुर्ची, कुर्साल नावाच्या घुमटाच्या इमारतीतले खेळ आणि नाच. कुर्सालची ही इमारत १९०१ मध्ये उघडली. आमच्यातल्या सुनीता-सुरेखांनी ती बाहेरून पाहावी, आतली जत्रा १९७० च्या दशकातच मोडली.

खाण्याचं सांगायलाच हवं. शेजारच्या ली या कोळ्यांच्या वस्तीतून 'कॉकल' येतात, आपल्या तिसऱ्यांच्या जातीतले. उकडून, वर व्हिनेगर आणि मिरपूड, की झालं. जावयाने हौसेने एक वाटी आणली. हिने एक तोंडात टाकला, शांतपणे चावला आणि विचारलं, "खोबरं नाही? कोकमही नाही? मग यांना उगाच मारलं कशाला?" बाकीची वाटी मात्र तिनेच संपवली.

आणि 'रॉक'. ही साखरेची गुलाबी कांडी, कुठेही मोडा, आत गावाचं नाव दिसतं. मला वाटायचं अक्षरं छापतात की काय. तसं नाही. गरम साखरेच्या रंगीत पट्ट्या रचून आधी वीतभर मोठं अक्षर करतात, अशी अक्षरं शेजारी लावून जाडजूड लोड वळतात, आणि मग तो लोड ओढत ओढत बोटाएवढा बारीक करतात. अक्षरंही त्याबरोबर बारीक होतात, पण मोडत नाहीत. हिने एक कांडी घेतली, साताऱ्याला नेऊन भाचरांना दाखवायला.

धक्क्याच्या टोकापर्यंत गाडीने गेलो. परत येताना हिने हट्ट धरला, चालायचं. गुडघे दुखत होते, वारा एवढा की पदर कमरेला खोचून वर स्वेटर. लेक रागावली, "आई, गाडीचं परतीचं तिकीट काढलंय." पण ऐकेल तर ना! दोन किलोमीटरला आम्हाला तासाच्या वर लागला. वाटेतल्या प्रत्येक बाकावर बसलो. खाली बघता बघता चिखलावर पाणी चढत होतं, होड्या एकेक करून उभ्या राहत होत्या. ही म्हणाली, "आला बघा. कामाला गेला होता बिचारा."

त्या धक्क्यानेही कमी सोसलेलं नाही. महायुद्धात तो नौदलाने ताब्यात घेतला, मालवाहू जहाजांचे ताफे इथून जमवून सोडत. नंतरची दहा-पंधरा वर्षं भरभराटीची. मग लोक विमानाने स्पेनला जाऊ लागले. तिकडे ऊन स्वस्त आणि समुद्र जागेवर! १९७६ मध्ये टोकाला आग लागली, १९७८ मध्ये रेल्वे बंद पडली, १९८० मध्ये नगरपालिकेने धक्काच बंद करायचं जाहीर केलं. लोकांनी ओरड केली म्हणून वाचला. १९८६ च्या मे महिन्यात राजकन्या अॅन यांच्या हस्ते नवी रेल्वे सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात एक जहाज येऊन धडकलं, धक्क्याचा तुकडाच उडाला. २००५ मध्ये पुन्हा आग. प्रत्येक वेळी दुरुस्त केला. हिशेबाच्या वहीत हे कधी बसलं असेल असं मला वाटत नाही.

ही २०१९ मध्ये गेली. २०२३ च्या उन्हाळ्यात लेकीने बोलावलं तेव्हा मी म्हटलं, बाकी कुठे नको, साउथएंडला नेशील तर चल. साउथएंड आता 'शहर' झालं आहे, २०२२ मध्ये तसा दर्जा मिळाला. इथले खासदार सर डेव्हिड अॅमेस वर्षानुवर्षं त्यासाठी पार्लमेंटमध्ये उठून मागणी करत. २०२१ मध्ये मतदारांना भेटत असताना त्यांचा खून झाला, आणि मग दर्जा मिळाला.

या वेळी भरती होती. पाणी अगदी भिंतीपर्यंत. नात सोळा वर्षांची झाली आहे, तिला पहिल्या सहलीतलं काहीच आठवत नाही. मी म्हटलं, टोकापर्यंत गाडीने आणि परत चालत. तिने काही विचारलं नाही, फक्त आपल्या पावलांचा वेग कमी केला. एका बाकावर बसलो तेव्हा म्हणाली, "आजोबा, आजी कुठल्या बाकावर बसली होती?" मी सांगितलं, सगळ्याच.

ती जुनी कांडी हिने कुणाला मोडू दिली नव्हती. साताऱ्याच्या पावसात तिचा कागद चिकटून गेला. हिच्यानंतर कपाट आवरताना स्टीलच्या डब्यात सापडली, तोवर मुंग्यांनी एका टोकाकडून निम्मी संपवली होती. उरलेल्या भागात अक्षरं तशीच होती. या खेपेला नातीने नवी घेऊन दिली आहे. ती मात्र पावसाळ्याच्या आत फोडायची, असं तिने मला बजावलं आहे.