हवेचा कुंचला

विमानाची प्रतिकृति तयार करणाऱ्याचें दैव शेवटच्या दिवशीं ठरतें. महिना-दोन महिने खपून त्यानें पंख जोडलेले असतात, सांधे घासून बुजविलेले असतात, वैमानिकाच्या समोरच्या बारीक तबकड्याहि रंगविलेल्या असतात. मग बाहेरचा रंग देतांना कुंचल्याचे पट्टे उमटतात, नाजुक खांचा रंगानें भरून जातात, आणि इतक्या दिवसांचें काम एका संध्याकाळीं खेळण्यांच्या पंक्तीस जाऊन बसतें.

याचें कारण साधें आहे. विमान ७२ पटींनीं लहान केलें, तरी रंगाचा थर कांहीं आपोआप ७२ पटींनीं पातळ होत नाहीं. स्पिटफायर विमानाचा पंखांसह विस्तार ११ मीटरांहून अधिक. १:७२ या प्रमाणांत तो सुमारें १५.६ सेंटिमीटर भरतो. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन मेसरश्मिट १०९ विमानांच्या बाजूंवर करड्या रंगाचे अस्पष्ट ठिपके फवारलेले असत. अशा ठिपक्याची विरत जाणारी कड मूळ विमानावर ७ सेंटिमीटर असली, तर प्रतिकृतीवर ती जेमतेम १ मिलिमीटर व्हावयास हवी. केसांच्या कुंचल्याला ही कड सहसा साधत नाहीं. ती हवेच्या कुंचल्याला, म्हणजे एअरब्रशला साधते.

परंतु एअरब्रश विकत घ्यावयास गेलेला गृहस्थ दुकानांत गोंधळून जातो. खटका एकेरी क्रियेचा असावा कीं दुहेरी? रंगाची वाटी वर असावी कीं बाटली खालीं? नोझल किती मिलिमीटरचें? हे प्रश्न दुकानदारानें उपस्थित केलेले नव्हेत. हवा आणि रंग यांची सांगड कशी घालावी, या जुन्या विवंचनेचे ते अवशेष आहेत. त्यांचा उगम पाहिला म्हणजे निवडहि सोपी होते.

अमेरिकेंतील फ्रान्सिस एडगर स्टॅन्ली यानें १८७६ सालीं रंग फवारण्याच्या एका साधनाचें पेटंट घेतलें. अत्तराच्या फवाऱ्याच्या जातीचेंच तें होतें. त्याला हवेचा अखंड पुरवठा नव्हता. हाच स्टॅन्ली पुढें आपल्या जुळ्या भावासह वाफेच्या मोटारगाडीमुळें प्रसिद्धीस आला. त्यानंतर तीन वर्षांनीं, १८७९ मध्यें, आयोवा संस्थानांतील ॲबनर पीलर यानें जवाहिऱ्याच्या कामशाळेंतील सुट्या भागांतून एक उपकरण जुळविलें. हातपंपाच्या हवेनें एक लहान चाक फिरे. चाकामुळें एक सुई पुढेंमागें हाले आणि रंगाचा सूक्ष्म कण हवेच्या झोतांत नेऊन सोडी. हें उपकरण व्यवहारांत उतरण्यास आणखी चार वर्षें लागलीं. लिबर्टी वॉकप यानें तें इलिनॉयमधील रॉकफर्ड येथून बाजारांत आणलें.

त्या काळीं त्याचें गिऱ्हाईक कोण? विमानें तर अजून उडालींच नव्हतीं. परलोकवासी झालेल्या आप्ताचें लहानसें छायाचित्र मोठें करून भिंतीवर लावण्याची हौस तेव्हां घरोघर होती. मोठें केलेलें चित्र फिकें पडे आणि गालांवरील छाया पुन्हां भरावी लागे. माणसाच्या गालावर छायेला कड नसते. ती कड नाहींशी करण्याकरितां जें साधन घडलें, तेंच पुढें विमानाच्या अंगावरील ठिपक्यांना उपयोगी पडलें.

पीलरची रचना किचकट होती. १८९३ च्या सुमारास चार्ल्स बर्डिक यानें लेखणीसारखा धरतां येणारा एअरब्रश सिद्ध केला. आंत निमुळती सुई, तिच्याभोंवतीं नोझल, आणि नोझलच्या तोंडाशीं हवा व रंग यांचा मेळ. इंग्लंडमध्यें त्याच्याच कारखान्यांतून पुढें एरोग्राफ हें नांव रूढ झालें. आजचा दुहेरी क्रियेचा एअरब्रश तत्त्वतः हाच होय. खटका खालीं दाबला कीं हवा सुटते. मागें ओढला कीं सुई सरते व रंग येतो. जितका ओढावा तितका रंग. जुन्या फ्लिटच्या पंपांत हवा आली कीं औषध येणारच. एकेरी क्रियेच्या एअरब्रशमध्येंहि रंगाचें मान आधींच फिरकीनें ठरवून ठेवावें लागतें. दुहेरी क्रियेंत तें मान चालत्या हाताच्या स्वाधीन असतें.

यावरून निवडीचा मार्ग दिसतो. ज्याला संपूर्ण विमान एकाच रंगानें रंगवावयाचें आहे, त्याला एकेरी क्रिया पुरते. ज्याला ठिपके व छाया हव्यात, त्यानें आरंभापासूनच दुहेरीचा सराव करावा. वरच्या वाटींतून रंग आपल्या वजनानें उतरतो, म्हणून हवेचा दाब कमी चालतो आणि थोडक्या रंगांत काम होतें. लहान प्रतिकृतीस तीच सोयीची. नोझल ०.२ मिलिमीटरचें घेण्याचा मोह नवशिक्यास होतो, पण तें लवकर तुंबतें. ०.३ मिलिमीटरचें पुष्कळ कामें निभावतें. मोठ्या पृष्ठभागास व अस्तराच्या रंगास ०.५ चें बरें. रंग पातळ दुधासारखा करावा, दाब साधारण १५ ते २० पौंड ठेवावा, आणि काम संपतांच सुई व नोझल धुवावें.

मुंबई-कोंकणाकडील माणसानें आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. दमट हवा दाबली गेली कीं तिच्यांतील पाणी वेगळें होतें आणि पावसाळ्यांत नळींतून थेंब येऊन रंगावर उडतात. म्हणून कॉम्प्रेसरला पाणी अडविणारी गाळणी असलीच पाहिजे. तोंडावर योग्य मुखवटा आणि खोलींत वारा, हेंहि तितकेंच अगत्याचें. ओहायोमधील डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनीं १८८८ सालीं घशांत औषध उडविण्याच्या फवाऱ्याचा धंदा काढला. त्यांच्याच नांवाचा कारखाना पुढें रंगाच्या फवाऱ्यांसाठीं विख्यात झाला. जी हवा औषध घशांत पोंचविते ती रंगहि पोंचवील, हें विसरूं नये.

इतकें झालें तरी जुना कुंचला अडगळींत टाकण्याचें कारण नाहीं. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत मूर्तीच्या अंगाचा रंग फवाऱ्यानें दिला जातो. डोळ्यांची आखणी मात्र जाणता कारागीर हातांत कुंचला घेऊनच करतो. प्रतिकृतींतहि तसेंच आहे. विमानाचे पंख एअरब्रशनें रंगवावेत, आणि आंत बसलेल्या वैमानिकाचा चेहरा केसांच्या कुंचल्यासाठीं राखून ठेवावा.