विड्यांतील लवंग

गुहागरास व्याडेश्वराच्या देवळापासून समुद्राकडे निघालें, म्हणजे वाट नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाते. या वाड्यांतील सुपारी हा आमच्या विड्याचा प्राण. पण तो विडा मिटून टोंचावयास जी लवंग लागते, ती एके काळीं बहुतांशीं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांजिबार व पेंबा या बेटांतून येत असे. सुपारी घरची आणि लवंग परक्याची, हा संसार कोणास कधीं खटकला नाहीं. 1937 सालीं मात्र तो खटकावा असा प्रसंग आला. 1905 सालची पुण्यांतील विलायती कापडाची होळी सर्वांच्या स्मरणांत आहे. लवंगेची ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं, आणि मला तर बहिष्काराच्या आपल्या इतिहासांत तीच अधिक विचार करण्याजोगी वाटते.

त्या बेटांवर तेव्हां सुलतानाच्या नांवानें इंग्रजांचा कारभार चालत होता. लवंगेच्या बागा मुख्यत्वें अरबांच्या व स्थानिक लोकांच्या. व्यापार व सावकारी बहुतेक हिंदी लोकांच्या हातीं. बागाईतदार कर्जांत बुडाले होते हें खरें, आणि त्यांचें रक्षण करावें हा सरकारचा हेतु अगदींच खोटा होता असें मी म्हणणार नाहीं. (आपल्या दक्षिणेंतील 1875 चे सावकारांविरुद्धचे दंगे ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस कर्जबाजारी बागाईतदाराची बाजू निराळी समजावून सांगावयास नको.) परंतु 1934 सालीं जमिनीच्या हस्तांतरास आळा घालणारे व लवंग-उत्पादकांच्या संघास विशेष अधिकार देणारे कायदे झाले, आणि 1937 च्या कायद्यानें निर्यातीच्या लवंगेच्या खरेदीचा मक्ता या संघाकडे गेला. पिढ्यान्पिढ्यांचा धंदा एका फर्मानासरशीं हातचा जाणार असें दिसतांच हिंदी व्यापाऱ्यांनीं लवंगेचा व्यवहार बंद केला. इकडे काँग्रेसनें झांजिबारची लवंग घेऊं नका असें लोकांस सांगितलें; मुंबईंत वल्लभभाई पटेलांनीं त्या कामांत लक्ष घातलें. बेटाचें मोठें गिऱ्हाईक तुटलें, आणि ज्या तिजोरीचा मोठा आधार लवंगेवरील जकात, तिला कळ लागली. 1938 च्या मे महिन्यांत तडजोड झाली. हिंदी व्यापाऱ्यांस आपला धंदा परत मिळाला आणि उत्पादकांचा संघही मोडला नाहीं. लवंग पुन्हां विड्यांत आली.

या गोष्टीचें मोल ध्यानांत येण्यास गुहागर तालुक्यांतल्याच अंजनवेलीस जावें. गोपाळगडावर उभें राहिलें, म्हणजे वाशिष्ठीच्या पलीकडच्या तीरावर दाभोळ दिसतें. अरबस्तान-इराणशीं व्यापार करणारें तें एक भरभराटीचें बंदर होतें. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय आल्मैदा यानें तें जाळून बेचिराख केलें. चौलच्या लढाईंत पडलेल्या मुलाचा सूड त्याच्या मनांत होता, आणि समुद्रावरील व्यापाराचा मक्ता त्याच्या राज्याला हवा होता. व्यापाराच्या भांडणाचा निकाल लावण्याची ती रीत. तिच्याशेजारीं झांजिबारचा निकाल ठेवून पाहावा.

तथापि प्रत्येक बहिष्कार असा सुखान्त होतो अशी कोणी समजूत करून घेऊं नये. 1938 च्या फेब्रुवारींतच हरिपुऱ्याच्या काँग्रेसनें चीनविषयींच्या सहानुभूतीनें जपानी माल घेऊं नये असा ठराव केला. भावना उदात्त, पण त्या ठरावामुळें चीनमधली लढाई थांबली नाहीं. चीनला खरा उपयोग झाला तो त्याच वर्षीं गेलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकाचा. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते, कोटणीसांनीं 1942 सालीं तेथेंच देह ठेवला. पुढें 1941 च्या उन्हाळ्यांत अमेरिकेनें जपानचें तेल तोडलें. जपानच्या तेलाचा फार मोठा भाग अमेरिकेंतूनच येत असे. चीनमधून पाय काढावा कीं साठा संपण्याच्या आंत युद्ध करावें, असे दोन मार्ग जपानी लष्करशहांपुढें उरले. त्यांनीं दुसरा धरला, आणि चार वर्षांनीं हिरोशिमा घडलें. दोष त्यांच्या आक्रमणाचाच, याबद्दल मला संशय नाहीं. परंतु लवंग तोडणें आणि तेल तोडणें या दोहोंस एकाच मापानें मोजणारा मुत्सद्दी मला धोक्याचा वाटतो. झांजिबारच्या सरकारास कायद्याचीं कांहीं कलमें बदलून मोकळें होतां येत होतें. जपानास अब्रू गमावल्यावांचून मोकळें होतां येत नव्हतें. हिरोशिमानंतर तर सबंध मनुष्यजातीचा निकाल लावण्याचें साधन कांहीं थोड्या सरकारांच्या हातीं आहे. अशा काळीं तोफेच्या अलीकडे थांबणाऱ्या भांडणांची आपल्याला गरज आहे, आणि तीं थांबतात कीं पुढें सरकतात हें बहुधा समोरच्यास परत फिरावयास वाट ठेवली आहे कीं नाहीं यावरच ठरतें.

2025 च्या मे महिन्यांत भारत आणि पाकिस्तान, दोघेही अणुबाँब बाळगणारे, चार दिवस एकमेकांवर शस्त्रें चालवीत होते. तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूचा म्हणून पुण्याच्या मार्केट यार्डांतील व्यापाऱ्यांनीं तुर्की सफरचंदें घेण्याचें बंद केलें. त्यांचा संताप मला समजतो. क्षेपणास्त्रापेक्षां सफरचंद टाकलेलें केव्हांही बरें. मात्र तुर्कस्तानानें नेमकें काय केलें म्हणजे तीं सफरचंदें पुन्हां घेऊं, हें मीं कोठें वाचलें नाहीं. आणि सफरचंदांवांचून पुण्याचें अडत नाहीं, हेंही सोयीचेंच. ज्यावांचून अडतें तें निराळें. आज त्याच वाशिष्ठीच्या मुखाजवळ, अंजनवेलीच्या धक्क्याला, परदेशांतून द्रवरूप वायु घेऊन येणारीं जहाजें लागतात. त्यांच्या मालावर बहिष्कार घालण्याची सूचना गुहागरांत अजून कोणीं केलेली नाहीं.