छापून झालं की सोडवायचं

माझे सासरे पुण्यात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते. फर्मा छापून झाला की त्यातले खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, धुवायचे, सोडवायचे आणि एकेक करून आपापल्या खणात परत टाकायचे, हे काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. देवनागरीला काना-मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत. शिसं महाग, जागा तोकडी, त्यामुळे लहान छापखान्यात एका वेळी थोडेच फर्मे उभे राहू शकत. पुढची पानं जुळवायची तर मागची सोडवलीच पाहिजेत. पुढेमागे दुसरी आवृत्ती निघाली, तर सगळं पुस्तक पहिल्या अक्षरापासून पुन्हा जुळवायचं. जुळवलेला मजकूर दोऱ्याने बांधून तसाच ठेवून देणं फार थोड्या मालकांना परवडे.

1993 साली त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत मी डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याचं काम, सुरू केलं. अप्पा बळवंत चौक पायी जाण्याच्या अंतरावर, म्हणून प्रकाशकांकडची मुलं दिवसभर जिना चढत असत. सासरे निवृत्त झाले होते. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसत, पडद्यावर अक्षरं उमटताना बघत आणि काम संपलं की विचारत, “अगं, मग आता हे सोडवलंस का?” आम्ही डीटीपीवाल्यांनी हार्डडिस्क ज्या पद्धतीने रिकामी केली, ती थेट खिळ्यांच्या खणातून आली होती, असं माझं ठाम मत आहे. त्या पद्धतीने मराठीचं काय गेलं ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

माझं पहिलं मशीन 386, हार्डडिस्क 120 एमबी. डॉस, त्यावर विंडोज 3.1, पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि मराठी फाँट एवढं घातलं की डिस्कचा मोठा हिस्सा संपायचा. उरलेल्या जागेत कादंबऱ्या, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल. आणि गणपती आले की दिवाळी अंक. दिवाळी अंकाचं काम ज्यांनी केलं आहे त्यांना ते दिवस सांगायला नकोत. एका अंकाचे लेख लावतो आहोत तोवर दुसऱ्याच्या जाहिराती येतात, तिसऱ्याचे संपादक प्रुफं घेऊन दारात उभे असतात. नेमकी तेव्हाच डिस्क भरायची. डिस्क भरली म्हणजे नवी फाइल होत नाही, एवढंच नव्हतं. विंडोज छापायचं पान आधी डिस्कवर तात्पुरतं उतरवून ठेवी आणि मग प्रिंटरकडे पाठवी. त्या तात्पुरत्या फाइलला जागा नसेल, तर तयार पानाचं ट्रेसिंग, म्हणजे छपाईसाठी अर्धपारदर्शक कागदावर काढायची प्रतसुद्धा, निघत नसे. खाली ऑफसेटवाल्याचा माणूस खोळंबलेला असे.

मग साफसफाई सुरू होई. पहिला मान टीएमपी फाइलींचा. वीज गेली की चालू असलेल्या प्रोग्रॅमला आपल्या तात्पुरत्या फाइली आवरायला वेळ मिळत नसे. त्या तशाच डिस्कवर पडून राहत, आणि पुण्यात तेव्हा वीज जायला निमित्त लागत नसे. चेकडिस्क चालवलं की तुटलेले तुकडे सीएचके नावाच्या फाइलींत गोळा होत, तेही पुसायचे. मग बाक फाइली, म्हणजे मागे राहिलेल्या जुन्या प्रती. त्यानंतरचा उपाय धंद्यात एकाने दुसऱ्याला तोंडी सांगितलेला. पेजमेकरची फाइल नुसती ‘सेव्ह’ करत गेलं, की वेळ वाचवण्यासाठी तो बदल मागे जोडत जाई आणि फाइल फुगत राही. तीच फाइल ‘सेव्ह ॲज’ करून त्याच नावाने ठेवली, की नव्याने नीट लिहिली जाई आणि चांगलीच आटोपशीर होई. प्रुफांच्या तीन फेऱ्या झालेल्या कादंबरीत यातून मिळणारी जागा डोळ्यांत भरण्यासारखी असे.

एवढं करूनही भागलं नाही, तर आर्ज. डॉसवर चालणारा हा प्रोग्रॅम फाइली दाबून लहान करायचा आणि एका फ्लॉपीत मावल्या नाहीत तर तुकडे पाडून अनेक फ्लॉप्यांवर घालायचा. याच्या मुळाशी इस्रायलच्या आब्राहाम लेंपेल आणि याकोब झिव्ह यांनी 1977 साली मांडलेली कल्पना होती: एकदा येऊन गेलेली अक्षरमाला पुन्हा आली तर ती पुन्हा लिहायची नाही, मागे ती कुठे आहे आणि किती लांब आहे तेवढंच नोंदवायचं. ‘आहे’, ‘होता’, ‘म्हणून’ यांनी भरलेला आपला मजकूर या युक्तीने सहज आकसतो. असा आकसलेला मजकूर भरलेल्या फ्लॉप्या मी साबुदाण्याच्या डब्यांत ठेवत असे, कारण पावसाळ्यात त्यांच्या चकतीला बुरशी धरे.

सगळी डिस्कच दाबून ठेवायची, हा पुढचा विचार. मार्च 1993 मध्ये आलेल्या एमएस-डॉस 6 मध्ये डबलस्पेस नावाची सोय होती. डिस्कवरचं सगळं एका मोठ्या लपवलेल्या फाइलीत दाबून बसवायचं आणि 120 एमबीची डिस्क दुप्पट भासवायची. हाच धंदा आधीपासून करणाऱ्या स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने पेटंटचा दावा लावला. फेब्रुवारी 1994 मध्ये ज्यूरीने मायक्रोसॉफ्टला 12 कोटी डॉलरची भरपाई द्यायला सांगितलं. 6.21 आवृत्तीतून ती सोय काढली गेली आणि 6.22 मध्ये ड्राइव्हस्पेस या नावाने वेगळ्या पद्धतीने परत आली. रिकाम्या जागेची किंमत त्या काळी केवढी होती, हे या एका खटल्यावरून कळतं. आमच्याकडे मात्र फार जणांनी या सोयीला हात लावला नाही. ती एक फाइल बिघडली तर सगळंच जाणार, ही भीती होती, आणि दिवाळी अंकाच्या तोंडावर ती पत्करण्याजोगी नव्हती.

मग डिस्का मोठ्या झाल्या. 1997-98 पर्यंत 2 जीबीची डिस्क धंद्यात सर्रास दिसू लागली आणि एक नवीच नासाडी सुरू झाली. तेव्हाच्या फॅट-16 पद्धतीत डिस्कचे ठरावीकच कप्पे पाडता येत. त्यामुळे डिस्क जितकी मोठी, तितका कप्पा मोठा. 1 जीबीच्या वरच्या भागात एक कप्पा 32 केबीचा होई आणि एका कप्प्यात एकच फाइल. म्हणजे 1 केबीची एक कविता स्वतंत्र फाइल म्हणून ठेवली, तरी ती 32 केबी अडवून बसे. म्हणून आम्ही डिस्कचे सी, डी, ई असे लहान भाग पाडत असू; 512 एमबीच्या आतला भाग केला की कप्पा 8 केबीवर येई. फॅट-32 आलं आणि ही कटकट संपली.

जागा खरी खाल्ली ती चित्रांनी. ए-4 मापाचं एक मुखपृष्ठ 300 डीपीआयला, चार रंगांत ठेवायचं तर सुमारे 33 एमबी लागतात. त्याच अंकाचा अडीचशे पानांचा सगळा मजकूर, त्या वेळच्या फाँटांत, एका 1.44 एमबीच्या फ्लॉपीत बसण्याइतका. झिप ड्राइव्हची 100 एमबीची चकती आली, मग सीडी रायटर आले, आणि प्रकाशक आणि मुखपृष्ठकार मोठी चित्रं जपून सीडीवर घालू लागले. मजकुराचं काय झालं? तो पुसला. ट्रेसिंग आणि पॉझिटिव्ह प्रकाशकाच्या कपाटात असत, पुनर्मुद्रण त्यांवरूनच होई, म्हणून फाइल ही काम संपलेली वस्तू मानली गेली. अंक बाजारात गेला, बिल निघालं, की सगळा फोल्डर डिलीट. खिळे सोडवायचे, खण मोकळा करायचा. सासऱ्यांच्या काळी त्याला इलाज नव्हता, कारण तेच शिसं पुढच्या पानाला हवं असे. आमच्या काळी सगळ्यात कमी जागा अडवणारी वस्तू आम्ही सगळ्यात आधी टाकली, आणि ती होती लेखकाचे शब्द. विंडोज 95 मध्ये रिसायकल बिन आली आणि पुसलेली फाइल काही दिवस तिथे राहू लागली. पण ती बिन मूळ मांडणीत डिस्कचा दहावा हिस्सा धरून बसे, म्हणून धंद्यातल्या लोकांनी शिफ्ट दाबून डिलीट करायची सवय लावून घेतली.

ज्या फाइली वाचल्या त्यांची वेगळी अडचण आहे. सी-डॅकची आयएसएम, मॉड्युलरची श्रीलिपी, प्रत्येकाची फाँटमधली अक्षरांची मांडणी निराळी. तो फाँट मशीनवर नसेल तर ‘महाराष्ट्र’ ऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात होती, पण आमच्या टेबलावर ती पोचायला बरीच वर्षं गेली. म्हणूनच 1990 च्या दशकात संगणकावर जुळवलेली किती तरी मराठी पुस्तकं आज पुन्हा स्कॅन करून, ओसीआर करून, चुका वेचत नव्याने तयार करावी लागतात. एकदा कळफलकावर बडवलेला मजकूर दुसऱ्यांदा कागदावरून उचलण्याचे हे कष्ट टळण्यासारखे होते. मराठी प्रकाशन व्यवहाराने या बाबतीत दूरदृष्टी दाखवली नाही, असंच मी म्हणेन.

आजही लॅपटॉपवर लाल पट्टी दिसली की माणसं आधी जुन्या लेखांचे, पत्रांचे फोल्डर उघडतात. ते राहू द्या. जागा व्हिडिओ, डाउनलोड आणि तात्पुरत्या फाइली खातात. विंडोज 98 पासून डिस्क क्लीनअप याच कामासाठी दिलेलं आहे. फाइली आकारमानाप्रमाणे लावा आणि वरून खाली पुसत या, मजकुरापर्यंत पोचायची वेळच येणार नाही. आणि माझ्या धंद्यातल्या जुन्या मंडळींना, अप्पा बळवंत चौकातल्या, दादर-गिरगावातल्या, कोल्हापूर-नागपूरच्या सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे: माळ्यावरचा सीपीयू आणि सीड्यांचे गठ्ठे भंगारात देण्याआधी त्यांतले पेजमेकरचे फोल्डर उतरवून घ्या, आणि त्यांच्या सोबत फाँटचा फोल्डरही घ्या. फाँट हाताशी असेल तर तो मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो.