ॲस्बेस्टॉस-तपासणी, जुन्या घराची

जुन्या घराची डागडुजी, नूतनीकरण किंवा पाडकाम हाती घेण्यापूर्वी त्यातील कोणत्या साहित्यात ॲस्बेस्टॉस आहे, ते नेमके कोठे, किती आणि कोणत्या अवस्थेत आहे याचा घेतला जाणारा शोध. प्रत्यक्ष पाहणी, नमुना घेणे, प्रयोगशाळेत त्याची ओळख पटवणे आणि नोंद ठेवणे हे तिचे टप्पे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इ. देशांत तिला कायद्याचा आधार आहे. भारतात राहत्या घरांसाठी ती रूढ नाही; प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील घरांचा विचार मुख्यतः केला आहे.

द्रव्य : ॲस्बेस्टॉस हे सहा तंतुमय सिलिकेट खनिजांचे व्यापारी नाव आहे. सर्पेंटाइन गटातील क्रायसोटाइल (पांढरे) हे एक, तर अँफिबोल गटातील क्रोसिडोलाइट (निळे), अमोसाइट (तपकिरी), ट्रेमोलाइट, अँथोफिलाइट व ॲक्टिनोलाइट ही पाच. आगीला व ताणाला दाद न देणारा हा तंतू सिमेंटमध्ये मिसळून पातळ पण टणक पत्रा बनवण्याची कृती ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधून काढली आणि स्वस्त छपराचा प्रश्न जगभर सुटल्यासारखा वाटला. भारतात मध्य प्रदेशातील कैमूर येथे १९३४ मध्ये असे पत्रे तयार होऊ लागले. मुंबईत मुलुंडला सिमेंट-पत्र्यांचा आणि घाटकोपरला ब्रेक-लायनिंग व ॲस्बेस्टॉसच्या कापडाचा कारखाना होता. देशी खाणींपैकी राजस्थानात मुख्यतः ट्रेमोलाइट, तर आंध्रातील पुलिवेंदुला भागात क्रायसोटाइल निघे. नव्या खाणपट्ट्यांना मंजुरी देणे केंद्र सरकारने १९८६ मध्ये आणि जुन्यांचे नूतनीकरण १९९३ मध्ये थांबवले. क्रायसोटाइलची आयात मात्र चालू राहिली.

बांधकामाचे वर्ष : ब्रिटनमध्ये निळ्या व तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५ मध्ये आणि पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी आली. त्यामुळे २००० नंतर बांधलेले घर तेथे सहसा संशयातून सुटते. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून, तर युरोपीय संघात २००५ पासून संपूर्ण बंदी आहे. भारतात सिमेंटच्या पत्र्यावर अशी बंदी नसल्याने इथल्या घराला मोकळे ठरवणारे कोणतेही वर्ष सांगता येत नाही. परदेशी पुस्तिकांतील ‘अमुक सालापूर्वीचे घर असेल तर’ हा पहिलाच प्रश्न आपल्याकडे निरुपयोगी ठरतो. १९६० सालची चाळ आणि गेल्या दशकात चढवलेले पत्र्याचे शेड, दोन्ही सारखीच संशयास्पद समजावीत.

घरातील जागा : महाराष्ट्रात सर्वांत जास्त आढळ अर्थातच छपराचा. लोकांच्या तोंडी ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणून असलेला करडा पन्हळी पत्रा चाळींच्या वरच्या मजल्यांवर, बैठ्या वस्त्यांत, गोठ्यांवर, शाळांच्या व्हरांड्यांवर आणि कोकणात मंगलोरी कौले उतरवून त्या जागी घातलेला दिसतो. त्याचाच कोना, त्याचीच पावसाळी पन्हळ आणि त्याच मालाचे उभे पाइप असतात. जुन्या इमारतींच्या डक्टमध्ये संडास-मोरीचे सांडपाण्याचे नळ ओतीव लोखंडाचे तरी असतात किंवा ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे तरी. रंगाचे अनेक हात बसल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. चुंबक चिकटला तर लोखंड, एवढी साधी खूण प्लंबरला माहीत असते. गच्चीवरील जुन्या चौकोनी टाक्या, खिडक्यांवरील पातळ छज्जे, पोटमाळ्याखाली ठोकलेले सपाट तक्ते, दोन खोल्यांमधील पडदीचे तक्ते आणि वीजमीटर व मेन स्विचच्या पाठीमागचा करडा फळा याही पाहण्याच्या जागा होत. फळ्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, कारण वायरिंग बदलणारा तो पाच मिनिटांत उखडून जिन्यात टाकतो. बॉयलर व गरम पाण्याच्या जुन्या नळांवरील दोर, कापड व लेप हे राहत्या घरांत कमी, गिरण्यांच्या आवारातील निवासी इमारतींत व जुन्या हॉटेलांत अधिक संभवतात. पण आढळले तर सर्वांत धोकादायक तेच.

सिमेंटच्या पत्र्यात साधारणपणे दहा ते पंधरा टक्के, बहुधा क्रायसोटाइल असते आणि ते सिमेंटने घट्ट धरलेले असते. लेप, दोर व फवारलेले थर बोटांनी कुस्करतात. तपासनीस पहिला भेद हाच करतो : हाताने चुरा होतो की होत नाही. मात्र घट्ट पत्राही कायम घट्ट राहत नाही. पावसाने वरचे सिमेंट झिजते, शेवाळ धरते, जे-बोल्टच्या भोकांभोवती चिरा जातात आणि जुन्या पत्र्याच्या खालच्या अंगाला हात लावल्यास करडी पूड येते. मृगाआधी छपरावर चढून तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडण्याची जी रीत आहे, ती तंतू मोकळे करण्याचा हमखास मार्ग आहे.

नुसत्या डोळ्यांनी ओळख का पटत नाही : ॲस्बेस्टॉसविरहित तंतू-सिमेंटचे पत्रेही बाजारात आहेत. त्यांत सेल्युलोज किंवा कृत्रिम तंतू वापरतात. आकार, रंग, पन्हळीचे माप सारखेच असते. पत्र्यावर मानकाचा शिक्का शाबूत असेल तर थोडा आधार मिळतो : आयएस ४५९ हे ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांचे भारतीय मानक, तर आयएस १४८७१ हे ॲस्बेस्टॉसविरहित तंतूंच्या पत्र्यांचे. जुन्या पत्र्यावर शिक्का क्वचितच वाचता येतो. शिक्का नसणे म्हणजे ॲस्बेस्टॉस नसणे नव्हे. चाचणी होईपर्यंत साहित्यात ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चालावे, हा या क्षेत्रातला सर्वमान्य नियम आहे.

पाहणीचे प्रकार : ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने २०१० मध्ये काढलेल्या ‘एचएसजी २६४’ या मार्गदर्शिकेत दोन प्रकार सांगितले आहेत. इमारत वापरात असताना केली जाणारी व्यवस्थापन-पाहणी पहिली. ती दिसणाऱ्या व सहज हात पोचणाऱ्या भागांपुरती असते. दुसरी नूतनीकरण व पाडकामापूर्वीची. तीत लाद्यांखाली, छताच्या पोकळीत, बंद केलेल्या डक्टमध्ये, भिंतीच्या आतही फोडून पाहावे लागते. त्यासाठी ती जागा आधी रिकामी करतात. पहिल्या पाहणीचा कागद दाखवून दुसरे काम सुरू करणे ही या मार्गदर्शिकेच्या दृष्टीने गंभीर चूक आहे.

दोन्हींतील अंतर त्याच मार्गदर्शिकेतील गुणांकनावरून स्पष्ट होते. साहित्याचा प्रकार, नुकसान, पृष्ठभागावरील आवरण व ॲस्बेस्टॉसचा प्रकार या चार बाबींना कमाल तीन-तीन गुण देतात. बेरीज दहा किंवा अधिक झाल्यास तंतू सुटण्याची शक्यता मोठी, सात ते नऊ मध्यम, पाच-सहा कमी आणि चार किंवा त्याखाली अत्यल्प. चाळीवरील चिरा गेलेला सिमेंटचा पत्रा घेतला तर प्रकाराचा एक, मध्यम नुकसानीचे दोन, पृष्ठभागाचा एक व क्रायसोटाइलचा एक असे पाचच गुण होतात. म्हणजे धोका कमी. तो पत्रा जागेवर पडून राहील तोवर हे खरेच आहे. गवंड्याने त्यावर ग्राइंडर फिरवला की गुण तेच राहतात आणि धूळ मात्र त्याच्या नाकातोंडात जाते. गुणांकन साहित्याचे आहे, कामाचे नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते नूतनीकरणापूर्वीच्या तपासणीत गुणांपेक्षा ‘या साहित्याला उद्या कोणते हत्यार लागणार आहे’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

नमुना : पंखे बंद करतात, खोलीतील माणसे बाहेर काढतात, खाली प्लास्टिक अंथरतात. जागा साबणाचे दोन-चार थेंब घातलेल्या पाण्याने भिजवून, ड्रिल न वापरता, कडेचा किंवा आधीच तुटलेला लहानसा तुकडा पूर्ण जाडीसह काढतात. तुटलेली कड लगेच रंगाने किंवा चिकटपट्टीने बंद करतात. तुकडा दोन पिशव्यांत सीलबंद करून त्यावर जागा, दिनांक व क्रमांक लिहितात. उतरलेली धूळ ओल्या फडक्याने टिपतात. झाडू व घरातला व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही वर्ज्य, कारण क्लीनरच्या पिशवीतून बारीक तंतू पार होतात. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क काहीही अडवत नाही. एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा, चेहऱ्याला नीट बसणारा मास्क लागतो, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. सिमेंटच्या एकजिनसी मालाला एक-दोन नमुने पुरतात. फवारलेल्या थरात तंतू एकसारखे पसरलेले नसतात. अमेरिकेत शाळांसाठी १९८६ च्या कायद्यान्वये एक हजार चौरस फुटांपर्यंत किमान तीन, पाच हजारांपर्यंत पाच व त्यापुढे सात नमुन्यांचा नियम आहे. कुस्करणाऱ्या मालाला मालकाने स्वतः हात लावू नये.

प्रयोगशाळा : रूढ पद्धत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शीची. तंतू ठरावीक अपवर्तनांकाच्या तेलात ठेवून (क्रायसोटाइलसाठी १.५५०) त्याचे रंग, द्विअपवर्तन, अंधुक होण्याचा कोन व लांबीशी असलेले प्रकाशाचे नाते पाहतात. सहा प्रकारांपैकी हे नाते सहसा फक्त क्रोसिडोलाइटमध्ये उलटे असते, म्हणून निळे ॲस्बेस्टॉस लवकर ओळखू येते. जुन्या व्हायनिल लाद्यांतील तंतू इतके बारीक दळलेले असतात की हा सूक्ष्मदर्शी फसू शकतो; तेथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी लागतो. अमेरिकेत एक टक्क्याहून अधिक अंश असेल तरच माल ॲस्बेस्टॉसयुक्त मानतात, ब्रिटनच्या नियमांत अशी सूट नाही. अहवालात ‘आढळले नाही’ असे असल्यास ते त्या नमुन्यापुरते समजावे.

आरोग्य : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस माणसात निश्चित कर्करोगकारक मानते. फुप्फुसे कठीण होणे (ॲस्बेस्टोसिस), फुप्फुसाचा कर्करोग व फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा हे मुख्य रोग. संपर्क व मेसोथेलिओमा यांत बहुधा वीस ते पन्नास वर्षांचे अंतर पडते. दक्षिण आफ्रिकेतील जे. सी. वॅग्नर व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये नोंदवलेल्या ३३ रुग्णांत खाणीत कधीही न राबलेले, केवळ खाणीशेजारी राहिलेले लोकही होते. लंडनमधील १९६५ च्या अभ्यासात कामगारांचे धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांमध्येही हा रोग दिसला. पाडकाम करून तेच कपडे घालून घरी जाणाऱ्या मजुराच्या बाबतीत ही नोंद फार महत्त्वाची आहे. धूम्रपानाने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. क्रायसोटाइल नियंत्रित वापरात सुरक्षित आहे असे उत्पादकांचे म्हणणे असून जागतिक आरोग्य संघटनेला ते मान्य नाही.

कायदा : कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला, बाधित कामगारास एक लाख रुपये भरपाई आणि प्रत्येकाची वैद्यकीय नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर, जपण्याचा आदेश दिला. हा आदेश कारखान्यांना व त्या उद्योगाला लागू आहे. घरे दुरुस्त करणारा नाक्यावरचा मजूर कोणत्याच हजेरीपटावर नसतो, त्यामुळे त्याची नोंदच होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८६ च्या ॲस्बेस्टॉस करारास (क्र. १६२) भारताने मान्यता दिलेली नाही. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा व त्याहून जुनीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करावयाची असते. तीत काँक्रीटची ताकद, गंज, गळती पाहतात. ॲस्बेस्टॉस पाहत नाहीत. त्याच अभियंत्याने त्याच फेरीत छप्पर, डक्ट व मीटरफळा यांचे चार नमुने घेतले तर वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

खर्च : प्रयोगशाळा व नमुन्यांची संख्या यांवर अवलंबून.

आढळल्यानंतर : धड असलेला व कामाच्या आड न येणारा माल जागेवरच राहू देणे, रंगाने किंवा आवरणाने बंद करणे हा बहुधा योग्य पर्याय असतो. काढावा लागल्यास पत्रे भिजवून, बोल्ट कापून, न फोडता अखंड उतरवतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळतात आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे देतात; तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. प्रत्यक्षात बहुतेक पत्रे राडारोड्यात जातात, किंवा तुकडे करून चिखलाच्या वाटेवर भर म्हणून टाकले जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड व रत्नागिरीतील असंख्य छपरे उडाली; अशा आपत्तीनंतर परसात पडलेले सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे हाताने गोळा केले जातात, त्यांत मुलेही असतात. आपत्तीनंतरच्या पंचनाम्यात या तुकड्यांसाठी वेगळा रकाना असावा.

परदेशातील घरे : ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी छताचे खडबडीत लेप, गॅरेजचे छप्पर, जुन्या लाद्या व माळ्यावरील सुटे भरण आधी तपासून घ्यावे. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथे १९६८ ते १९७९ दरम्यान सुमारे एक हजार घरांच्या माळ्यांत सुटे ॲस्बेस्टॉस भरले गेले. २०१४ मध्ये तेथील सरकारला ती घरे विकत घेऊन पाडण्याची योजना आखावी लागली. अमेरिकेत मोंटाना राज्यातील लिबी येथील खाणीचे व्हर्मिक्युलाइट भरण ॲस्बेस्टॉसने दूषित होते व ते अनेक माळ्यांत अजून आहे.

तपासणीचा अहवाल मालकाच्या कपाटात ठेवून उपयोग नाही; काम सुरू होण्यापूर्वी तो मुकादमाला वाचून दाखवावा, संशयित जागांवर रंगाने खूण करावी आणि त्या खुणेपाशी ग्राइंडर व हातोडा चालणार नाही हे कामाच्या करारातच लिहून घ्यावे.