ईश्वरी योजना आणि भूक : मेरी रोलँडसनच्या बंदिवासकथनाविषयी

प्युरिटन साहित्याचा विचार बहुधा सिद्धांतांपासून सुरू होतो : मानवाचे जन्मजात पाप, मोक्षाधिकाऱ्यांची ईश्वराने आधीच केलेली निवड, ईश्वराशी झालेला करार. या कल्पना साहित्यात ‘प्रतिबिंबित’ झाल्या, एवढे सांगितले की आपली चर्चा थांबते. परंतु न्यू इंग्लंडच्या पहिल्या पिढ्यांसाठी श्रद्धा ही घटनांचे वाचन करण्याची रीतही होती. प्लिमथ वसाहतीचा इतिहासकार विल्यम ब्रॅडफर्ड जहाजावरच्या एका उद्दाम खलाशाच्या मृत्यूत ईश्वराचा न्याय पाहतो; तेथे हे वाचन विनासायास पार पडते. ते अडखळते कोठे, हे पाहण्यासाठी मेरी रोलँडसनच्या १६८२ साली प्रसिद्ध झालेल्या बंदिवासकथनाकडे वळले पाहिजे.

मेटाकॉमच्या युद्धात, फेब्रुवारी १६७६ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टर गावावर मूलनिवासी योद्ध्यांनी हल्ला केला. धर्मोपदेशकाची पत्नी असलेली रोलँडसन तीन मुलांसह पकडली गेली. जखमी झालेली ६ वर्षांची सारा ९ दिवसांनी दगावली. ११ आठवडे ५ दिवसांनंतर, २० पौंडांच्या खंडणीवर, रोलँडसनची सुटका झाली. पुस्तकाला जोडलेली निनावी प्रस्तावना (ती इन्क्रीझ मॅदरची असावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते) या अनुभवाला ईश्वरी योजनेचा सार्वजनिक पुरावा ठरवते. स्त्रीच्या लेखनाला प्रकाशात यायला अशी हमी लागत होती, हेही ध्यानात घ्यावे.

निवेदिकाही त्याच चौकटीत लिहू पाहते. मूलनिवासी आपल्या वृद्धांना, मुलांना आणि सामानाला तराफ्यांवरून नदीपार नेतात. पाठलागावरचे इंग्रज सैन्य त्याच नदीपाशी थबकते. यावर तिचे उत्तर असे की, आपल्या प्रजेला ताडन करण्यासाठी ईश्वरानेच शत्रूला राखले. येथे सिद्धांत सावरतो, पण त्यासाठी शत्रूचे कौशल्य ईश्वराच्या खात्यावर जमा करावे लागते. गंमत अशी की, ते कौशल्य तिच्याच तपशिलांत शिल्लक उरते : ओकची फळे, कंद, घोड्याची आतडी, झाडांच्या साली यांवर ही माणसे कशी जगली, हे ती बारकाईने नोंदवते, आणि एकही जण भुकेने मेलेला आपण पाहिला नाही, असेही सांगते.

या कथनातील सर्वांत अवघड जागा मात्र अठराव्या मुक्कामात आहे. तेथे बंदिवासातल्याच एका इंग्रज मुलाला उकडलेल्या घोड्याच्या पायाचा तुकडा मिळतो. तो चिवट असल्याने मुलाला चावता येत नाही; ते नुसतेच चोखत राहते. स्वतःचा वाटा संपवलेली रोलँडसन तो तुकडा त्याच्याकडून घेते, खाते आणि तो रुचकर लागला असे लिहिते. लगोलग ईयोबाच्या ग्रंथातले वचन येते. ज्या अन्नाची किळस यावी तेच आपला आहार झाले, अशा अर्थाचे ते वचन तिच्या भुकेला शास्त्राधार पुरवते. त्या मुलासाठी मात्र वचन नाही, पश्चात्तापाचे वाक्यही नाही. हे केवळ निर्दयपणाचे लक्षण मानणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. स्वतःच्या यातनेचा अर्थ लावण्यात तरबेज असलेल्या या वाचनपद्धतीत, आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या यातनेसाठी जागाच दिसत नाही. पण मग हा प्रसंग गाळता आला असता. तो तिने गाळलेला नाही.

शेवटी सुटकेनंतरच्या रात्रींचे वर्णन येते. सारे झोपलेले असताना ती जागी असते, रडत असते. ताडन हे ईश्वराच्या प्रेमाचे चिन्ह असल्याचा निर्वाळा ती देते आणि निर्गमाच्या ग्रंथातल्या वचनावर कथन संपवते. पूर्वी आपण शांत झोपत असू, हे ती भूतकाळात सांगते. झोप उडाल्याची नोंद मात्र वर्तमानकाळात आहे.