पात्र, अपात्र आणि फुलपात्र

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या मावशींबरोबर एका सरकारी कार्यालयात जाणं झालं. घरकुलाची यादी भिंतीवर लागली होती. मावशींना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी बोट फिरवत फिरवत त्यांचं नाव शोधलं. नाव होतं. पुढच्या रकान्यात एकच शब्द, "अपात्र". त्याच्या पुढचा कारणाचा रकाना कोरा.

मावशींचं बोलणं पक्कं अहिराणी. त्यांनी विचारलं, "अपात्र म्हंजे काय रे भाऊ?" म्हटलं, म्हणजे तुम्ही नियमात बसत नाही. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी काय फुटेल भांडं शे का?"

मला आधी हसू आलं, मग आलं नाही. घरी येऊन दोन-तीन रात्री कोश आणि पुस्तकं चाळत बसलो. मावशींनी नकळत शब्दाची मुळीच धरली होती, ते सांगायला ही लांबलचक पोस्ट.

"पात्र" म्हणजे मुळात प्यायचं भांडं. संस्कृतात "पा" म्हणजे पिणं, आणि ज्यातून प्यायचं ते पात्र. आपलं पिणं, पाजणं, पाणी, पाणपोई ही सगळी त्याच धातूची लेकरं. आपण घरात ज्याला फुलपात्र म्हणतो, ते काठाशी फुलासारखं उमललेलं पितळेचं किंवा स्टीलचं छोटं भांडं, त्यात हा शब्द अजून मूळच्या अर्थाने जिवंत आहे. देवघरातलं पंचपात्र आहे, स्वयंपाकघरातलं आप्पेपात्र आहे. (पेला मात्र वेगळ्या घरचा. तो फारसी प्याल्याचा भाऊ. एकाच मांडणीवर संस्कृत आणि फारसी शेजारी शेजारी उपडी घातलेली असतात, कोणाचं काही बिघडत नाही.)

भांड्यापासून शब्द निघाला आणि कुठे कुठे गेला बघा. नाटकातली भूमिका म्हणजे पात्र. कालिदासाच्या "मालविकाग्निमित्रा"त नाट्याचार्य म्हणतो, की चांगल्या पात्राच्या ठिकाणी ठेवलेली विद्या वाढते, जसं ढगाचं पाणी शिंपल्यात पडून मोती होतं. तिथे पात्र म्हणजे भांडंही आणि शिष्याही. गल्लीत आपण "काय पात्र आहे हा!" म्हणतो तेही या नाटकातूनच आलेलं. आणि नदीचं पात्र. आपल्या मोसमचं पात्र. 1740 च्या सुमाराला नारोशंकर राजेबहाद्दरांनी किल्ला बांधला तो या पात्राच्या काठाला, पाणी हाताशी म्हणून. आता वर हरणबारीला धरण आहे, नदीत पावसाळा सोडला तर वाहतं ते बहुतेक गटारांचं. पाणी गेलं तरी भांडं उरतं, आणि रिकामं भांडं दिसलं की माणूस त्यात काहीतरी टाकतोच. भराव टाकतो, कचरा टाकतो, टपरी टाकतो. पाटबंधारे खातं नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आखतं. पंचवीस वर्षांत एकदा येईल अशा पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. या रेषा म्हणजे भांड्याचा काठच. पण हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

मावशींच्या यादीतला अर्थ आला दानाच्या व्यवहारातून. दान कुठे ओतायचं? ज्यात ते टिकेल अशा भांड्यात. म्हणून दान घेणारा लायक माणूस म्हणजे पात्र, सत्पात्र. गीतेच्या सतराव्या अध्यायात योग्य जागी, योग्य वेळी, पात्राला दिलेलं दान सात्त्विक आणि अपात्राला दिलेलं तामस, अशी प्रतवारीच आहे. म्हणजे "अपात्र" हा शब्द काही कार्यालयातल्या बाबूने काढलेला नाही, तो फार जुना आहे. यात एक गोष्ट ध्यानात घ्या. पात्र कोण हे ठरवणार देणारा. घेणाऱ्याने फक्त भांडं पुढे करून उभं राहायचं.

आता याच्यापुढची पायरी जरा कडू आहे. पाणिनीच्या एका सूत्रात शूद्रांचे दोन गट येतात, "निरवसित" आणि "अनिरवसित". इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला पतंजली महाभाष्यात हा फरक कसा सांगतो? भांड्यावरून! ज्यांनी जेवल्यावर भांडं घासून-पुसूनही शुद्ध होत नाही ते निरवसित, म्हणजे बाहेरचे. माणसाची जागा त्याने वापरलेल्या भांड्यावरून ठरली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावं आणि त्यांना "अपपात्र" करावं असं सांगितलंय, आणि लगेच पुढे त्यांनी फुटक्या भांड्यात जेवावं असंही. मावशींचं वाक्य आठवा. त्यांनी मनुस्मृती वाचलेली नाही.

ही दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई असेल तर तो नळ सोडणार, शिपाई नसेल तर पाणी नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. 1924 ला महाड नगरपालिकेने चवदार तळं कागदावर खुलं केलं. कागदावर सगळे पात्र झाले, तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब तळ्यात उतरले आणि पाणी प्यायले ते ओंजळीने. मग तळं शुद्ध करायला पंचगव्याच्या घागरीच्या घागरी ओतल्या गेल्या. पुन्हा भांडीच. कोर्टाचा शेवटचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला 1937 उजाडलं.

1955 साली अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला. त्याचं चौथं कलम मुद्दाम वाचा. हॉटेल, धर्मशाळा, मुसाफिरखान्यात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरायला मनाई करणं हा त्यात स्वतंत्र गुन्हा लिहिलाय. संसदेला भांड्यांची वेगळी नोंद करावी लागली, कारण देशभर चहाच्या हॉटेलात कपबशी वेगळी असायची. आणि कायद्याने ती लगेच एक झाली नाही. मी लहान असताना वडिलांबरोबर एका खेड्यात गेलो होतो. हॉटेलाच्या वळचणीला खिळ्यावर दोन कानतुटके कप टांगलेले होते. मी विचारलं, हे कोणाचे? वडिलांनी माझा हात दाबला. चहा न पिताच निघालो. त्यांनी का निघायचं ठरवलं हे मला नंतर कळलं, पण ते तिथे काही बोलले नाहीत हेही खरं आहे.

आता तर हा शब्द रोज पेपरात येतो. कर्जमाफीला पात्र, लाडकी बहीण योजनेला पात्र, छाननीत अपात्र. 1985 साली घटनेत दहावं परिशिष्ट आलं तेव्हापासून पक्ष बदलणारे आमदारही "अपात्र" ठरू लागले. ठरू लागले म्हणजे ठरू शकतात. 10 जानेवारी 2024 ला विधानसभा अध्यक्षांनी शिवसेनेचा निकाल वाचला तेव्हा दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. पण तिथे निदान कारणं वाचायला दीड-दोन तास लागले. मावशींचा रकाना कोरा.

हे सगळं मी पुलापलीकडच्या माझ्या मित्राला सांगत होतो. त्याचं घराणं मोमीन विणकरांचं, 1857 नंतरच्या दशकांत उत्तरेतून इथे आलेलं. त्याचे लूम बंद होते, वीज गेलेली, म्हणून निवांत ऐकत होता. म्हणाला, "अरे, हमारे यहाँ भी बर्तन ही है." उर्दूत "जर्फ" म्हणजे भांडं, आणि जर्फ म्हणजे माणसाची कुवत, मनाचा मोठेपणा. आला-जर्फ म्हणजे दिलदार. कमजर्फ म्हणजे हलका, कोत्या मनाचा, शिवीच जवळजवळ. मी म्हटलं, म्हणजे पात्र-अपात्रच की. तो म्हणाला, नाही. कमजर्फ घेणाऱ्याला म्हणतीलही, पण जास्त करून म्हणतात ते ज्याच्या हातात थोडी सत्ता, थोडा पैसा आला आणि सांडायला लागला, त्याला. तिथे देणाऱ्याचंही भांडं मोजलं जातं.

मला हे फार पटलं. आपल्याकडे असं उलटं मोजणं नव्हतंच असं मात्र नाही. बौद्ध विनयपिटकात, चुल्लवग्गात, वड्ढ लिच्छवी नावाच्या माणसाची गोष्ट आहे. त्याने एका भिक्खूवर खोटा आळ घेतला. संघाने त्याला शिक्षा दिली ती अशी, की त्याच्यापुढे पात्र पालथं घालायचं. त्याच्याकडून भिक्षा घ्यायचीच नाही. त्याने चूक कबूल केल्यावरच पात्र पुन्हा सुलटं झालं. 2007 मध्ये म्यानमारच्या भिक्खूंनी लष्करी राजवटीपुढे हेच केलं. भांडं घेऊन दारात उभा असलेला माणूसही देणाऱ्याला अपात्र ठरवू शकतो, हे त्यांना ठाऊक होतं.

अर्थात मावशींना भांडं पालथं घालणं परवडणारं नाही. पत्रे गळतात, पावसाळा तोंडावर आहे.

सोमवारी अर्ज द्यायचाय. मी लिहून दिलाय, "कोणत्या कारणाने अपात्र ठरविले ते लेखी कळवावे." ज्यांची नावं अशीच कोऱ्या रकान्याने अडकलीत त्यांनी सोबत यावं, सकाळी अकराला मोसम पुलावर भेटू. यादीचा फोटो तेवढा आणा. मावशींना अर्ज वाचून दाखवला. माठावरचं फुलपात्र बुडवून त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, त्यात ते भांड्याचंही लिही. ते अजून लिहिलेलं नाही.