नाकानोची खेळण्यांची पेठ

राष्ट्राचा इतिहास तहांच्या कागदांत, नाण्यांत आणि शिलालेखांत शोधावा, अशी आपली समजूत असते. आणि ती चुकीची नाहीं. परंतु हीं साधनें मागें राहावीं म्हणूनच निर्माण झालेलीं असतात. पुढील पिढ्या आपल्याकडे पाहणार आहेत, ही जाणीव त्यांत असते. ज्या वस्तु कोणी जपण्यासाठीं केल्याच नाहींत, मोडल्या कीं टाकावयाच्या म्हणून केल्या, त्यांची साक्ष अधिक भोळी, आणि म्हणूनच पुष्कळ वेळां अधिक खरी असते. मुलांचें खेळणें ही अशीच वस्तु होय. अशा साक्षीदारांनीं भरलेली एक पेठ टोकियो शहरांत आहे; तिची आज थोडी ओळख करून घेऊं.

शिंजुकू स्टेशनावरून चुओ मार्गाच्या जलद गाडीनें पश्चिमेस निघालें, कीं पहिलेंच स्टेशन नाकानो. उत्तरेच्या दारानें बाहेर पडतांच छप्पर घातलेली एक लांब गल्ली लागते. सन मॉल हें तिचें नांव. जोडे, औषधें, मिठाई अशा नित्याच्या दुकानांवरून सरळ चालत गेलें, म्हणजे ती गल्ली एका भल्या मोठ्या इमारतीच्या पोटांत शिरते. हीच नाकानो ब्रॉडवे.

ही इमारत १९६६ सालीं उभी राहिली. टोकियोचे ऑलिंपिक सामने होऊन दोनच वर्षें झालीं होतीं, आणि युद्धांत बेचिराख झालेलें शहर आपलें नवें वैभव मिरवूं पाहत होतें. तळघरापासून चौथ्या मजल्यापर्यंत दुकानें, त्यांवर दहाव्या मजल्यापर्यंत बिऱ्हाडें, आणि गच्चीवर बाग व पोहण्याचा तलाव, असा तिचा थाट होता. १९९५ सालीं टोकियोचे गव्हर्नर झालेले आओशिमा युकिओ हे येथील रहिवाशांपैकीं एक. तळमजल्यावरचा सरकता जिना मधला मजला वगळून आपल्याला एकदम वरच्या मजल्यावर नेऊन सोडतो, आणि नवखा मनुष्य तेथेंच वाट चुकतो.

इतक्या ऐटीनें उभारलेल्या या वास्तूची कीर्ति मात्र झाली ती जुन्या-पुराण्या मालामुळें. १९८० सालीं फुरुकावा मासुझो या चित्रकथाकारानें येथें एक गाळा घेतला. ‘गारो’ मासिकांत त्याच्या चित्रकथा येत असत. गाळा अवघा दोन त्सुबोंचा, म्हणजे सुमारें सत्तर चौरस फुटांचा. आणि माल वाचून टाकलेल्या चित्रकथांचीं पुस्तकें. ‘मांदाराके’ हें त्या दुकानाचें नांव. त्याचा व्याप वाढत गेला, आणि आज त्याचीं अनेक दालनें या इमारतीच्या निरनिराळ्या मजल्यांवर पसरलेलीं आहेत. पुस्तकांच्या पाठोपाठ खेळणीं आलीं, चलच्चित्रांचे रंगविलेले पारदर्शक पत्रे आले. चित्रपट पुरा झाला म्हणजे हे पत्रे एके काळीं केरांत जात. येथें ते चौकटींत बसले. चौथ्या मजल्यावरील एका दालनाला तर देवस्थानाप्रमाणें शेंदरी तोरणद्वारें उभारलेलीं आहेत, आणि आंत पूजा आहे ती जुन्या खेळण्यांची!

श्रोतेहो, अशा दालनांतील कपाटांतून ज्या जातीचीं खेळणीं दिसतात, तीं सालांच्या क्रमानें लावलीं, तर जपानच्या अर्ध्या शतकाची बखरच तयार होते. युद्धाच्या तयारीसाठीं १९३८ सालीं धातूच्या खेळण्यांवर तेथें बंदी आली. युद्ध संपलें, आणि १९४५ च्या डिसेंबरांत ओत्सु गांवीं कोसुगे नांवाच्या कारागिरानें, अमेरिकन सैनिकांनीं फेंकून दिलेले डबे कापून, त्यांच्याच जीपगाडीची चिमुकली प्रतिकृति केली. दहा येन किंमतीची ती गाडी क्योतोच्या बाजारांत हातोहात खपली. जेत्याच्या डब्याच्या पत्र्यापासून जेत्याचीच गाडी, आणि ती खेळावयाची जितांच्या मुलांनीं! पराभवानंतरची पोटाची चिंता, कारागिराची हिकमत आणि मुलांची निर्वैर वृत्ति, हीं तिन्ही त्या पत्र्यांत एकत्र आलीं आहेत. पुढें १९४७ पासून १९५२ पर्यंत परदेशीं जाणाऱ्या खेळण्यांवर ‘व्याप्त जपानमध्यें तयार झालेलें’ असा शिक्का असे. राष्ट्राची मानहानि बाहुलीच्या तळव्यावर छापली जात होती.

१९६३ सालीं ‘आतोम’ हा यंत्रबालक टेलिव्हिजनवर अवतरला, आणि त्याचीं चित्रें चॉकोलेटच्या नळीबरोबर घरोघर गेलीं. अणुबाँबनें होरपळलेल्या देशाच्या मुलांचा लाडका वीर अणुशक्तीवर चालावा, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. १९६६ सालीं, म्हणजे ही इमारत उभी राहिली त्याच वर्षीं, मारुसान कंपनीनें मऊ व्हिनाइलचे राक्षस बाजारांत आणले. दोनच वर्षांनीं त्या कंपनीचें दिवाळें वाजलें; तेथील मंडळींनीं काढलेली बुलमार्क कंपनीही १९७७ सालीं बुडाली. १९७४ सालीं ओतीव धातूचा माझिंगर आला. १९७९ सालची ‘गुंडाम’ मालिका प्रेक्षक मिळेनात म्हणून त्रेचाळीस भागांतच आटोपती घेण्यांत आली. पण १९८० सालीं तिचे तीनशे येनांचे जोडकामाचे सांचे निघाले, आणि मुलांनीं दुकानांपुढें रांगा लावल्या.

आतां या पेठेंतील किंमतींकडे पाहूं. ज्या खेळण्याची पेटी शाबूत, ज्याचा रंग उडालेला नाहीं, त्याची किंमत सर्वांत अधिक. अशा मालाचा मोठा भाग कोठून येतो? एखाद्या बंद पडलेल्या दुकानाच्या मागील खोलींत न विकतां पडून राहिलेल्या साठ्यांतून. म्हणजे कुलपांत मानानें बसलेलें खेळणें बहुधा कोणत्याच मुलाच्या हातीं लागलेलें नसतें. ज्यावर बाळपण खरोखर खर्ची पडलें तें झिजलें, फुटलें, केरांत गेलें. आपण ज्याला जपलेलें बाळपण समजून हजारों येन मोजतों, तें बाळपणाला मुकलेलें खेळणें असतें.

तरीही या व्यापाऱ्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. कारखाने बुडाले, कारागीर गेले. त्यांच्या हातचें काम आज पाहावयास मिळतें, तें या लोकांनीं भंगाराला किंमत दिली म्हणून. २०१० सालीं चित्रकार मुराकामी ताकाशी यांनीं याच इमारतींत कलादालन उघडलें. अडगळ आणि कला यांच्यामधली भिंत तेथें किती पातळ आहे, हें त्यावरून दिसतें.

मात्र इतिहासाच्या अभ्यासकानें कुलपबंद कपाटाशीं थांबूं नये. कमी किंमतीच्या टोपलींतही हात घालावा. तेथें एखादा शेपूट तुटलेला राक्षस मिळेल. त्याच्या तळपायावर कोण्या मुलानें शाईनें आपलें नांव लिहिलेलें असेल. बाजाराच्या हिशेबीं त्या अक्षरांनीं मालाची किंमत उतरली. इतिहासाच्या हिशेबीं त्या मालाला साक्षीदाराची सही मिळाली.